टिंबं घासून विकलेला चाकू

देवगडला वडील आंब्याची कलमं बांधायचे, तेव्हा खिशात घडीचा चाकू असायचाच. तो हात अजून लक्षात आहे. पेनसिल्व्हेनियात आल्यावर मला इथल्याच ब्रॅडफर्ड गावात बनणाऱ्या केस कंपनीच्या चाकूंचा नाद लागला.

गेल्या वर्षी रविवारच्या जुन्या बाजारात एकाने ट्रॅपर नावाचा घडीचा चाकू दाखवला. दोन पाती, हाडाची मूठ. "माझ्या वडिलांचा, पन्नासच्या दशकातला," म्हणाला. पात्याच्या बुडाशी फक्त 'केस एक्सएक्स' एवढाच ठसा. घासाघीस न करता मी २८० डॉलर मोजले.

ठसा बघूनच मी फसलो, म्हणून तो नीट सांगतो. १९४० ते १९६४ या काळात नुसतं 'केस एक्सएक्स' असायचं. १९६५ पासून त्यात 'यू.एस.ए.' आलं. १९७० साली त्याखाली दहा टिंबं आली आणि दरवर्षी एकेक कमी होत १९७९ ला एकच उरलं. १९८० पासून नावातलं एस अक्षर विजेसारखं नागमोडी झालं, टिंबं पुन्हा दहापासून सुरू. म्हणजे सत्तरच्या दशकातला चाकू पन्नासचा करायचा तर नवीन काही कोरावं लागत नाही, फक्त खालचं घासून काढायचं! जुन्याला भाव जास्त, म्हणून हे चालतं.

चाकू घरी आणल्यावर मी तो एका ओळखीच्या आजोबांना दाखवला. चाळीसेक वर्षं ते हेच चाकू जमवतात. ठसा त्यांनी वाचलाच नाही. दोन्ही पाती अर्धी उघडून खिडकीशी धरली. ट्रॅपरची दोन्ही पाती एकाच टोकाला शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे बुडाची जाडी लगेच ताडता येते. ठशाच्या पात्याचं बूड पातळ होतं, बाजूने उजेडाची फट दिसत होती. बोटाने हलवलं तर पातं डुगडुगलं. मला ते विकत घेतानाच कळायला हवं होतं. आणखी एक त्यांनी दाखवलं: साधं कार्बन स्टील वापरात राखाडी पडतं, आणि इथे सगळं पातं राखाडी, ठशाभोवतीच आरशासारखी चकाकी.

पुढच्या रविवारी गेलो तर ते टेबलच नव्हतं. पैसे गेले ते गेलेच.

तुम्ही घेणार असाल तर भिंग न्या. आधी बुडाला बोट लावा, खोलगट लागलं तर चाकू परत ठेवा. ठशाच्या मागच्या बाजूचा मॉडेलचा आकडाही बघा. ट्रॅपरच्या ६२५४ मधला ६ म्हणजे कोरीव हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती. मूठ पिवळ्या प्लास्टिकची आणि आकडा ६ ने सुरू होत असेल तर काहीतरी बदललेलं आहे. वडिलांची, आजोबांची गोष्ट कोणी सांगितली तर ऐकून घ्या, पण तिचे पैसे देऊ नका.

चाकू वाईट नाही, धार उत्तम धरतो. पण भिंगाखाली दोन टिंबांच्या पुसट खुणा दिसतात, बाकीची घासली गेली. तो नेमका कुठल्या वर्षी बनला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.