गन क्रेझी की दे लिव्ह बाय नाइट: आधी कोणता बघावा?

बँक लुटून पळणाऱ्या जोडीचा एखादा जुना कृष्णधवल चित्रपट बघायचा आहे आणि वेळ एकाच संध्याकाळचा आहे, तर आधी 'गन क्रेझी' (१९५०) लावा. जोसेफ लुईसचा हा चित्रपट ८७ मिनिटांचा. निर्माते किंग ब्रदर्स, म्हणजे हात राखूनच खर्च. पण पैसा नसला की डोकं किती चालतं, ते यातल्या एका दरोड्यात दिसतं. कॅमेरा बँकेत जातच नाही. तो गाडीच्या मागच्या भागात, बार्ट आणि लॉरी या दरोडेखोर जोडीच्या पाठीशी. गावात शिरताना दोघं गाडी लावायला जागा मिळेल का म्हणून बोलतात, आणि ते बोलणं नटांनी ऐनवेळी सुचेल तसं केलेलं आहे. बार्ट आत जातो. तेवढ्यात फुटपाथवर पोलीस येऊन उभा राहतो, लॉरी खाली उतरून त्याच्या पिस्तुलाचं कौतुक करत त्याला बोलण्यात गुंतवते. साडेतीन मिनिटांच्या आसपास, एकही कट नाही. पळताना ती मागे वळून बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, आनंद असतो. लॉरी झालेल्या पेगी कमिन्सची ती नजर मी विसरूच शकत नाही.

'दे लिव्ह बाय नाइट' हा निकोलस रेचा पहिला चित्रपट, १९४७ साली चित्रित झालेला, ९५ मिनिटांचा. इथेही दरोड्याच्या वेळी कॅमेरा गाडीतच थांबतो, पण बोवी या तरुण नायकासोबत. साथीदार आत आहेत, हा स्टिअरिंगशी बसलाय, आणि ज्याच्याकडून घड्याळ घेतलं तो सोनार ओळख दाखवत गप्पा मारायला येतो. तिथे लॉरीसारखी मजा नाही, घुसमट आहे. सोळाव्या वर्षी तुरुंगात गेलेल्या या पोराला पैसा हवाय तो वकिलासाठी.

वेग, थरार, वेड हवं असेल तर 'गन क्रेझी'. लेखक डाल्टन ट्रम्बो हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या) असल्यामुळे पटकथेवर त्याच्याऐवजी दुसऱ्याचं नाव लागलं होतं, हेही बघताना लक्षात असू द्या. गुन्ह्यापेक्षा बोवी आणि त्याची प्रेयसी कीची यांच्या संसाराची काळजी वाटायला हवी असेल, तर रेचा चित्रपट. बोवी कीचीला घड्याळ देतो, पण नक्की किती वाजलेत हे दोघांनाही ठाऊक नसतं. तो प्रसंग येईल तेव्हा फोन बाजूला ठेवा.