पेंटिंगची डिग्री करायचीय: जेजे, बडोदा की घराजवळचं कॉलेज?

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंची मुलगी घरी आली, हातात तीन स्केचबुकं आणि मागोमाग तिचे बाबा. बारावी झालीय, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड आहे आणि तिला पेंटिंगच करायचंय, अप्लाइड आर्ट (जाहिरातीचं काम) नाही, अ‍ॅनिमेशन नाही, पेंटिंग. बाबांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "यात पोट भरेल का हो?" आणि ती विचारत होती, "दादा, जेजे की बडोदा?" म्हणजे मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट की बडोद्याच्या युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी. मला विचाराल तर दोघांचा प्रश्न एकच आहे. डिग्री चार वर्षांची असते, पाचव्या वर्षी कॉलेजचा इझल सोडून बाहेर आल्यावर तुम्ही कुठे उभं राहून चित्र काढणार, हा खरा प्रश्न. मी माझ्या वेळी हे कुणालाच विचारलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच जरा नीट इथे लिहितोय.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. बीएफए, म्हणजे फाइन आर्ट्सची डिग्री, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून, मास्टर्स बडोद्याला, मग वर्षभर डोंबिवलीला जेजेतून पास झालेल्या एका मित्राच्या खोलीवर, आणि आता सांगलीत स्वतःचा स्टुडिओ, सकाळी मुलांचे क्लास आणि दुपारनंतर स्वतःचं काम. तिन्ही ठिकाणं जवळून बघितलीत.

पाचव्या वर्षी तीन गोष्टी लागतात. एक, जागा, जिथे ओला कॅनव्हास भिंतीला टेकून आठ दिवस ठेवता येईल. दोन, असं काहीतरी उत्पन्न की जे दिवसाचे निदान चार तास तुमच्याकडे शिल्लक ठेवेल. तीन, पाच-सहा माणसं जी तुमचं काम बघून तोंडावर खरं बोलतील. कुठलंही कॉलेज या तिन्ही गोष्टी देत नाही, त्यामुळे कोणतं कॉलेज यातलं काय देतं आणि काय तुमच्यावर सोडतं एवढंच बघायचं.

आधी जेजे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं, चित्रकार धुरंधर तिथलेच, गायतोंडेंनी 1948 ला तिथूनच डिप्लोमा घेतला, तय्यब मेहता, अकबर पदमसी, बरवे, कोलते, अतुल दोडिया, नावं घेत बसलो तर संध्याकाळ होईल. पण फक्त या यादीकडे बघून जेजेला जाऊ नका. जेजेचं खरं बळ माझ्या मते दोन गोष्टींत आहे. पहिलं म्हणजे हात. हेड स्टडी, लाइफ (समोर मॉडेल बसवून काढणं), ड्रॉइंगची शिस्त, आणि शिवाय बाहेर पडलं की सीएसएमटी आणि क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे स्केचिंगला माणसं शोधत फिरायला लागत नाही, स्टेशनवर अर्धा तास बसलात तरी झोपलेली, डबा खाणारी, भांडणारी, ओझं उचलणारी पन्नास माणसं मिळतात. दुसरं म्हणजे शहर. जेजेतून चालत वीस-पंचवीस मिनिटांत काळा घोडा, म्हणजे गॅलऱ्यांचा भाग, येतो. जहांगीर आर्ट गॅलरीत मंगळवारी नवीन शो लागतो आणि पुढच्या सोमवारी उतरतो, म्हणजे चार वर्षं दर आठवड्याला एक चक्कर मारली तर किती भिंती बघून होतात हिशोब करा, त्यात चांगलं किती वाईट किती हे कुणी शिकवत नाही, डोळाच शिकतो. एनजीएमए, म्हणजे आधुनिक चित्रांचं सरकारी संग्रहालय, तिथेच, म्युझियम तिथेच. सांगलीच्या मुलाला ओरिजिनल ऑइल बघायला मिळणं म्हणजे काय असतं ते मोबाइलवर चित्रं बघणाऱ्याला नाही कळणार, रंगाचा थर किती पातळ आहे, कुठे कॅनव्हास तसाच सोडलाय, हे समोर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

आता अडचण सांगतो. माझा मित्र चौथ्या वर्षाला सहा-सहा फुटांचं काम करायचा, मोठा हात, खांद्यातून येणारा स्ट्रोक. पास झाला, डोंबिवलीला दहा बाय दहाची खोली घेतली, त्यात आम्ही दोघं, एक गॅस, एक खिडकी. टर्पेंटाइनच्या वासावरून घरमालक दुसऱ्याच आठवड्यात दारात आले, मग ऑइल बंद आणि अ‍ॅक्रिलिक सुरू. मोठा कॅनव्हास लोकलमध्ये न्यायचा म्हणजे मालडब्यात, तोही गर्दी नसेल तेव्हा, आणि गर्दी कधी नसते. बघता बघता त्याचं काम 18 बाय 24 इंचावर आलं. त्याला वाटायचं माझी शैली बदलतेय, खरं तर खोली बदलली होती. हे मला फार लागलं तेव्हा, अजूनही लागतं. म्हणजे मुंबई तुम्हाला माणसं देते, नजर देते, ओळखी देते, पण जागा देत नाही, आणि पोटासाठी जे काम मिळतं ते जाऊन-येऊन पूर्ण दिवस खातं. मुंबईत ज्यांचं घर आहे किंवा मामा-मावशीकडे खरोखरची सोय आहे त्यांच्यासाठी जेजे हे बिनघोर उत्तर आहे असं मी म्हणेन, बाकीच्यांनी होस्टेलचं आधी विचारा आणि डिग्रीनंतर कुठे राहणार तेही.

अ‍ॅडमिशनबद्दल एक, जेजेला 2023 ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे प्रवेश, फी, अभ्यासक्रम यातलं काहीही सीनियर्सच्या जुन्या अनुभवावरून धरू नका, ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. बाकी कॉलेजांसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते, त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन आणि कलेचं सामान्य ज्ञान. मेमरीत बरीच मुलं घसरतात कारण सगळी प्रॅक्टिस फोटो बघून केलेली असते.

बडोदा. एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 ला सुरू झाली, आणि आपल्याकडच्यांना बडोदा परकं वाटत असेल तर सांगतो की पेंटिंग विभाग उभा करणारे चित्रकार बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी, आणि गाव तर सयाजीरावांचंच, दांडिया बाजारकडे अजून मराठी घरं आहेत. डिग्रीचं नाव तिथे बीव्हीए (व्हिज्युअल आर्ट्स), चार वर्षं, पुढे मास्टर्सची एमव्हीए दोन. तिथला फरक एका प्रसंगातून सांगतो. मी गेलो तेव्हा माझ्या हाताला कोल्हापूरकडचं वळण होतं, आठवडी बाजाराचं लँडस्केप, ऊन-सावली झकास, आणि त्यात माणसं म्हणजे दोन-तीन ठिपके, एक लाल एक पांढरा, आपल्याकडे सगळे तसंच काढतात आणि ते दिसतंही छान. पहिल्याच रिव्ह्यूला सर कॅनव्हाससमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्या लाल ठिपक्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण आहे?" मी म्हटलं बाजारातली बाई. "हो, पण कोण आहे?" मला उत्तर देता आलं नाही. ती भाजी विकते की घेते, कुठल्या गावची, कुणाची वाट बघतेय, मी कधी विचारच केला नव्हता, मी फक्त हिरव्याशेजारी लाल टाकला होता. त्यानंतर तीन महिने माझ्याच्याने एकही चित्र पूर्ण झालं नाही, आणि मग जे काम सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

बडोद्याला हे मिळतं. तिथे पेंटिंगच्या शेजारीच आर्ट हिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग आहे, स्कल्प्चर, ग्राफिक्सवाले (म्हणजे छापचित्रं करणारे) त्याच आवारात, त्यामुळे चहाच्या टपरीवर पण वाद असतो तो चित्राचाच. के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहमदी अशी माणसं तिथे शिकवून गेली, त्यामुळे चित्रावर बोलायची, लिहायची सवय तिथे मुरलेली आहे. शिवाय गावात नंदलाल बोसांची कीर्ती मंदिरातली भित्तिचित्रं, राजवाड्याच्या म्युझियममध्ये रविवर्मा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुंबईच्या मानाने जागा स्वस्त. पास झालेली पुष्कळ मुलं तिथेच राहतात, तीन-चार जण मिळून जुना बंगला नाहीतर गोडाऊनसारखी जागा घेतात, एकमेकांचे कॅनव्हास ताणून देतात, एकमेकांचं काम रोज बघतात. म्हणजे मघाशी म्हटलं त्यातलं पहिलं आणि तिसरं दोन्ही.

कमी काय पडतं? भाषा. वर्गात इंग्रजी, बाहेर गुजराती-हिंदी, आणि आर्ट हिस्ट्रीचे पेपर इंग्रजीत लिहिताना मराठी मीडियमच्या मुलांची पहिली दोन वर्षं दमछाक होते, माझी तर मास्टर्सला झाली. हे जमणार नाही असं नाही, पण आतापासून रोज दोन पानं इंग्रजी वाचायची सवय लावा. दुसरं, ज्याचा हात अजून कच्चा आहे त्याला तिथे कुणी हात धरून ड्रॉइंग घोटून घेईल ही अपेक्षा ठेवू नका, बोलायला शिकलेला आणि काढायला न शिकलेला विद्यार्थी पण मी तिथे बघितलाय. आणि परराज्यातल्या मुलांसाठी जागा आणि फी किती हे आधी विचारा.

शांतिनिकेतनचं कलाभवन, 1919 चं, तेही खूप जण विचारतात. मी तिथे शिकलो नाही, दोनदा फक्त राहून आलोय, म्हणून जास्त बोलत नाही. मोकळ्या हवेत भित्तिचित्रं, रामकिंकर बैजांची शिल्पं, गावपण, हे ज्याला ओढतं त्याने जरूर बघावं. घरापासून लांब आहे, तेवढी तयारी ठेवा.

आता घराजवळचं कॉलेज. कोल्हापूर, सांगली, पुणे, नागपूर, संभाजीनगर, गोव्यात पणजीचं कॉलेज. याला लोक उगाच तिसऱ्या नंबरवर टाकतात. कोल्हापूरला आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांपासूनची परंपरा आहे, पंचगंगेचा घाट, रंकाळा, रविवारी सकाळी बोर्ड घेऊन बसलेली पोरं आणि त्यांच्या शेजारी साठीचे चित्रकार, हे शिक्षण फी न भरता मिळतं. पोर्ट्रेटच्या ऑर्डरी मिळतात, आजोबांचं, संस्थापकांचं, आणि ज्याचं पोर्ट्रेट पक्कं तो उपाशी राहत नाही. घरचं जेवण, घरची खोली, माळ्यावर स्टुडिओ, म्हणजे जागा आणि थोडंफार उत्पन्न दोन्ही पहिल्या दिवसापासून.

माझी पहिली लाइफ क्लास अशाच कॉलेजात झाली. सत्तरीचे एक आजोबा मॉडेल म्हणून यायचे, बसले की सर त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ मारायचे, वीस-पंचवीस मिनिटांनी आजोबा उठून बिडी ओढून यायचे आणि परत बरोब्बर त्या रेघांत पाय ठेवायचे. उठायच्या आधी मान ज्या बाजूला कललेली असायची तशीच परत. त्या आजोबांकडून मी बसणं म्हणजे काय ते शिकलो, वजन कुठे पडतं, गुडघा कधी थकतो.

पण त्याच कॉलेजात लायब्ररीच्या कपाटाला कुलूप असायचं आणि चार वर्षांत ते मी तीनदा उघडलेलं बघितलं. एकाच सरांनी तीन विषय शिकवायचे. सबमिशन म्हणजे शीट मोजून घेणं. चित्रावर बोलणं जवळपास नाही, "छान झालंय, बॅकग्राउंड जरा डार्क कर", एवढंच. त्यामुळे घराजवळ शिकायचं ठरवलंत तर तिसरी गोष्ट, खरं बोलणारी माणसं, तुम्हाला स्वतः जमवावी लागतील, आणि वर्षातून दोनदा तरी मुंबईला जाऊन चार दिवस फक्त चित्रं बघावी लागतील. अजून एक अगदी कोरडी पण कामाची गोष्ट, कोर्स डिप्लोमा आहे की बीएफए ते बघा. पुढे एमएफए (मास्टर्स), प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, कॉलेजात शिकवणं यातलं काही डोक्यात असेल तर डिप्लोमावर चालेल का हे प्रवेशाआधी विचारा, नंतर नाही.

बाबांचा पोटाचा प्रश्न राहिला. त्यांनी पेपरात वाचलं होतं की गायतोंडेंचं चित्र 2025 ला 67 कोटींना गेलं. खरं आहे. पण गायतोंडे 2001 लाच गेले, आणि 2013 ला त्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं तेव्हाही ते नव्हते. लिलावाचे आकडे चित्रकाराच्या कमाईत धरायचे नाहीत. प्रत्यक्षात गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मे घेते, पैसे उशिरा येतात, जहांगीरचं बुकिंग काही वर्षं आधी करावं लागतं. शाळेत कलाशिक्षकाच्या जागा पूर्वीएवढ्या राहिल्या नाहीत. माझ्या ओळखीतले जे चित्रकार टिकले ते सगळे दुसरं काहीतरी करून टिकले, क्लास, पोर्ट्रेट, म्युरल, कुणी कॉलेजात शिकवतं. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, 2005 पर्यंत दवाखाना आणि चित्र दोन्ही, आर्ट कॉलेजची डिग्री नाही. भूपेन खख्खर सीए, बडोद्याला येऊन शिकले आणि पुढेही बरीच वर्षं हिशोबाचं काम करत राहिले. 1981 च्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या चित्रप्रदर्शनात हे दोघं एकत्र होते. म्हणजे दुसरं काम करणं म्हणजे हरणं असं अजिबात नाही, फक्त ते काम असं निवडायचं की संध्याकाळी हात आणि डोळे शिल्लक राहतील.

त्या मुलीची स्केचबुकं मी नीट बघितली. ड्रॉइंग चांगलं पण सगळं फोटोवरून, एस्टी स्टँडवरचं एकही स्केच नाही. इंग्रजी कच्चं, मुंबईत कुणी नातेवाईक नाही, घरचं उत्पन्न बेताचं. तिला मी सांगितलं, बीएफए कोल्हापूरला कर, डिग्रीच घे, हात पक्का कर, इंग्रजी सुरू ठेव आणि मास्टर्सला बडोद्याचा अर्ज भर. तिच्या वर्गातल्या एका मुलाची आत्या दादरला राहते, त्याला जेजे सांगितलं.

अर्ज भरायच्या आधी एक करा. जिथे जायचंय तिथे एखाद्या साध्या बुधवारी जा, अ‍ॅन्युअल प्रदर्शनाच्या दिवशी नको, तेव्हा सगळीकडेच छान दिसतं. दुपारी चारनंतर पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाच्या स्टुडिओत डोकवा. किती इझलवर काम चालू आहे, किती पॅलेटवरचा रंग ओला आहे, कुणी कुणाच्या चित्रासमोर उभं राहून बोलतंय का, बघा. आणि एखाद्या मुलाला विचारा, मागच्या बॅचची पोरं आता कुठे आहेत.