पालिका रुग्णालयातील श्वानदंश कक्ष : उपचार चोख, माहिती तोकडी

आमच्या भागातील महानगरपालिका रुग्णालयाच्या श्वानदंश कक्षात माझ्या भाच्याला रेबीज प्रतिबंधक लशीचे सर्व डोस मिळाले, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. भटक्या कुत्र्याचे दात पोटरीत रुतून रक्त आले होते, म्हणजे जखम तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीतील होती.

केसपेपर निघण्याआधीच सिस्टरांनी त्याला नळाखाली बसवून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुवायला लावली, आणि या कक्षाबद्दल माझे मत तिथेच चांगले झाले. रेबीजच्या विषाणूचे बाहेरचे स्निग्ध आवरण साबणाने नष्ट होते, त्यामुळे हा पहिला उपाय घरातही करता येतो. चुना किंवा मिरचीपूड लावून आलेल्यांची इथे चांगलीच कानउघाडणी होते.

त्यानंतर इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी तयार प्रतिपिंडे) आणि लस दोन्ही त्याच दिवशी दिली गेली. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूत शिरला तर तो मेंदूकडे सरकू लागतो, आणि एकदा लक्षणे दिसली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडे थेट जखमेतच सोडावी लागतात. भाच्याने आरडाओरडा करून कक्ष डोक्यावर घेतला, तरी डॉक्टरांनी घाई न करता प्रत्येक दाताच्या खुणेभोवती औषध भरले.

लस मात्र दोन्ही दंडांवर कातडीच्या आतल्या थरात, प्रत्येकी फक्त ०.१ मिली टोचली आणि तिथे संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा आला. ‘एवढ्याशा औषधाने काय होणार,’ अशी शंका आमच्याच घरात निघाली. प्रत्यक्षात परक्या घटकाला टिपून त्याची खबर लसिका ग्रंथींतील टी-पेशी आणि बी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत नेणाऱ्या पेशी त्वचेत भरपूर असतात, म्हणून स्नायूत द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी लस इथे पुरते. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात.

यातील काहीही रुग्णाला नीट सांगितले जात नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. हातात पडते ते केवळ तारखांचे पातळ कार्ड. जखम भरली की पुढचे डोस कशाला, असे रांगेतले एक गृहस्थ म्हणत होते आणि त्यांना समजावायला कोणाला सवड नव्हती. बाहेरून दिलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात. टिकते ती लशीने घडवलेली, विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींची फौज, आणि ती पक्की होण्यासाठी सर्व डोस लागतात. पूर्ण लसीकरण झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर सामान्यतः इम्युनोग्लोब्युलिनची गरज नसते, शून्य आणि तिसऱ्या दिवसाचे दोनच डोस पुरतात. मात्र त्यासाठी जुन्या लसीकरणाची नोंद दाखवावी लागते, म्हणून या कार्डाचा फोटो काढून ठेवावा.

रविवारी हा कक्ष बंद असतो, आणि याची पाटी आत लावलेली आहे, फाटकावर नाही. त्या दिवशी डोसची तारीख आली तर थेट अपघात विभागात जावे. आम्हाला लस तिथेच मिळाली.