नकोशा मुलांच्या कथा : मोतो हागिओ यांचा निवडक संग्रह

जपानमधील मुलींसाठीच्या चित्रकथांना, म्हणजेच शोजो मांगाला, आज साहित्य म्हणून जी प्रतिष्ठा आहे, तिचे मोठे श्रेय मोतो हागिओ यांना द्यावे लागते. फॅन्टाग्राफिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २०१० मध्ये काढलेला त्यांचा इंग्रजी कथासंग्रह 'अ ड्रंकन ड्रीम अँड अदर स्टोरीज' त्यामुळेच मोलाचा आहे. १९७० पासून २००७ पर्यंतच्या दहा कथा त्यात आहेत. त्याचे संपादन आणि अनुवाद शोजो मांगाच्या अभ्यासक रेचल थॉर्न यांनी केला असून, हागिओ यांची त्यांनी घेतलेली दीर्घ मुलाखतही सोबत दिली आहे. पाने जपानी रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत. चार-पाच पानांत त्याची सवय होते.

हागिओ यांचा जन्म १९४९ चा, फुकुओका प्रांतातील ओमुता या खाणींच्या शहरातला. मुलीने चित्रकथा काढाव्यात हे आईवडिलांना वर्षानुवर्षे रुचले नाही. १९६९ मध्ये 'नाकायोशी' मासिकातून त्यांचे पदार्पण झाले, परंतु तिथे हसत्याखेळत्या गोष्टी हव्या असत आणि हागिओ यांची गंभीर हस्तलिखिते परत येत. ती स्वीकारली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेचे संपादक जुन्या यामामोतो यांनी. पुढे १९७४ मध्ये 'द हार्ट ऑफ थॉमस' ही मालिका सुरू झाली तेव्हा वाचकांच्या कौलात ती तळाला गेली आणि ती आवरती घेण्याची सूचना आली. त्याच सुमारास त्यांच्या 'द पो क्लॅन' या व्हॅम्पायरांच्या कथामालिकेचा पहिला खंड हातोहात खपला, म्हणून 'थॉमस' बंद होण्यापासून बचावली. हा इतिहास ठाऊक असला की संग्रहातील सुरुवातीच्या कथा वेगळ्या नजरेने वाचल्या जातात. १९७१ च्या एका कथेत कुत्र्याच्या पिल्लाशी खेळणारी, आपल्याच तंद्रीत रमणारी एक मुलगी आहे आणि घरातल्या मोठ्यांना तिचे ते वेगळेपण सहन होत नाही. कथा अगदी छोटी आहे, पण तिचा शेवट इतका निर्दय आहे की मुलींच्या मासिकात ती छापून आली याचेच आश्चर्य वाटते.

घराला नकोसे झालेले मूल हाच या संग्रहाचा खरा विषय आहे, असे माझे मत आहे. १९८४ मधील 'हानशिन' ही सोळा पानांची कथा त्याचे सर्वांत धारदार रूप. शरीराने जोडलेल्या दोन बहिणींपैकी एक हुशार, पण रोडावलेली आणि कुरूप. दुसरी मतिमंद, पण देवदूतासारखी सुंदर. पहिलीच्या अंगातले पोषण दुसरी शोषून घेते आणि कौतुकही तिचेच होते. शस्त्रक्रियेने दोघी विलग झाल्यावर सुंदर बहीण सुकत जाते आणि मरणपंथाला लागलेल्या तिच्या चेहऱ्यात कथा सांगणाऱ्या हुशार बहिणीला आपलाच जुना चेहरा दिसतो. ज्या ओझ्यातून सुटका हवी होती तेच आपले प्रेम होते की काय, हा प्रश्न हागिओ तसाच उघडा ठेवतात, आणि तो सोडवण्याचा मोह टाळण्यातच त्यांची ताकद आहे.

१९९२ च्या 'इग्वाना गर्ल'मध्ये आईला आपली थोरली मुलगी रिका जन्मापासून इग्वानाच, म्हणजे मोठ्या सरड्यासारखा प्राणीच, दिसते. जगाच्या लेखी रिका देखणी आणि हुशार आहे. आपल्याला मात्र चौकटीत दिसतो तो फ्रॉक घातलेला, खवल्यांचा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी, कारण रिकाही स्वतःला आईच्याच नजरेने पाहते. धाकट्या बहिणीचे लाड चालू असताना बाजूला गप्प उभी असलेली ती आकृती पाहून पोटात तुटते. आई-मुलीच्या नात्यातला दुरावा इतक्या नेमकेपणाने मांडणारी दुसरी चित्रकथा माझ्या वाचनात नाही. १९९६ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही झाली.

शेवटची कथा २००७ ची. नदीकाठच्या विलो वृक्षाच्या छायेत एक स्त्री उभी आहे. पानावर दोन आडव्या चौकटी, जवळपास शब्दच नाहीत, ऋतू पालटतात आणि समोरच्या वाटेवरून येणारा-जाणारा मुलगा मोठा होत जातो. ती कोण आहे हे मी सांगणार नाही. सुरुवातीच्या कथांमधील फुले, झालरी आणि उडते केस इथे उरलेले नाहीत, आणि तरीही परिणाम अधिक खोल होतो.

शीर्षककथा मात्र मला सर्वांत दुबळी वाटली. जन्मोजन्मीच्या प्रेमाचा आणि अंतराळाचा मेळ घालायला तिला आणखी जागा हवी होती. वेशभूषेचे देखणे रेखाटन ती उणीव भरून काढत नाही. शिवाय केवळ लघुकथांवरून हागिओ यांच्या कारकिर्दीचा आवाका कळत नाही. 'देअर वेअर इलेव्हन'सारखी विज्ञानकथा आणि १९९२ ते २००१ या काळात चाललेली, बाललैंगिक अत्याचाराला थेट भिडणारी 'अ क्रूएल गॉड रेन्स' यांना या आकाराच्या पुस्तकात स्थान मिळणे शक्यच नव्हते. २०१६ मध्ये तर त्यांनी चाळीस वर्षांनी 'द पो क्लॅन' पुन्हा सुरू केली. म्हणून हा संग्रह 'हानशिन'पासून वाचायला घ्यावा, नंतर मागे-पुढे जावे, आणि तो मनात भरला तर त्याच प्रकाशनसंस्थेने इंग्रजीत आणलेली 'द हार्ट ऑफ थॉमस' लगेच हाती घ्यावी.