जड टॉवर स्पीकरखालचे कंपनरोधक पाय : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या टॉवर स्पीकरचे वजन प्रत्येकी ४४ किलो असून ते पुण्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबवर बसवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर उभे आहेत. सोबत आलेल्या स्पाइकखाली (धातूच्या टोकदार पायांखाली) धातूच्या चकत्या ठेवून मी ते बराच काळ वापरले. पखवाज किंवा डग्गा खालच्या स्वरात घुमला की लादीचा थरार तळपायाला जाणवे आणि तो खालच्या घरापर्यंतही जाई. स्पाइक स्पीकरला घट्ट उभे ठेवतो. कंपन अडवणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून आयसोअकॉस्टिक्स या कॅनडातील कंपनीचे ‘गाया २’ हे पाय घेतले आणि आता काही महिने झाल्यावर लिहीत आहे.

पाय निवडताना नावाआधी वजनाचे गणित पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. कोणताही लवचीक आधार वजनाखाली किती दबतो यावर त्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर तो सेकंदाला किती वेळा वरखाली हलतो ते, ठरते. स्प्रिंगच्या बाबतीत १५.८ ला मिलिमीटरमधल्या दबण्याच्या वर्गमुळाने भागले की ती हर्ट्झमध्ये मिळते. म्हणजे १ मिलिमीटर दबल्यास साधारण १६ हर्ट्झ आणि ४ मिलिमीटर दबल्यास ८ हर्ट्झ. या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वरच कंपन अडू लागते. तिच्या आसपास ते उलट वाढते. वॉशिंग मशीनखालचे कडक रबरी पॅड स्वस्त असतात आणि अनेक जण तेच सुचवतात. पण असा पॅड स्पीकरच्या वजनाखाली जेमतेम पाव मिलिमीटर दबला, तर उत्तर ३२ हर्ट्झच्या घरात, म्हणजे नेमके बेसच्या पट्ट्यात येते. रबर हलत्या भाराखाली आणखी ताठ वागते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहूनही वर असणार. याच्या उलट, आधार फार मऊ निवडला तर तो पूर्ण दबून बसतो आणि मग त्याच्यात व लाकडी ठोकळ्यात काही फरक उरत नाही.

गाया मालिकेत संपूर्ण स्पीकरच्या वजनाची मर्यादा ‘३’ साठी ३२ किलो, ‘२’ साठी ५४ किलो आणि ‘१’ साठी १०० किलो आहे. वजनाला चाराने भागून थांबू नये, कारण वूफरची चुंबके पुढच्या बाजूला असल्याने भार सारखा वाटला जात नाही. वजनकाटा पुढच्या दोन पायांखाली आणि तेवढ्याच जाडीची फळी मागच्या पायांखाली ठेवून पाहिल्यावर पुढे २६ किलो आणि मागे १८ किलो भार निघाला. पुढच्या प्रत्येक पायावर १३ किलो, म्हणजे ५४ चा चौथा हिस्सा असलेल्या साडेतेरा किलोंच्या जेमतेम आत. ‘१’ वर हाच भार फार हलका झाला असता. मोकळ्या स्प्रिंगचे पाय कागदावर अधिक चांगले ठरतात, पण उंच आणि अरुंद पेटी त्यांवर डोलते. ज्या घरात रोज फरशी पुसताना स्पीकरला धक्का लागतो, तिथे मला ते नको होते.

बसवताना तीन गोष्टी पाहाव्या लागल्या. स्पीकरच्या तळाचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते आधी तपासावे. पायावरचे बोधचिन्ह ऐकणाऱ्याच्या दिशेने किंवा बरोबर उलट दिशेने राहील असे पाय फिरवून मगच चेकनट (पाय सैल होऊ न देणारा नट) आवळावे. शेवटी पाणसळ लावावी. काही आठवड्यांनी ती पुन्हा लावल्यावर पुढची बाजू किंचित खाली बसलेली आढळली.

ऐकण्यातला फरक खरा आहे, पण जाहिरातींच्या भाषेइतका मोठा नाही. एका स्पीकरला स्पाइक आणि दुसऱ्याला नवे पाय ठेवून, दोन्हींना आळीपाळीने तोच मोनो संकेत देऊन फरशीला तळहात लावला, तेव्हा मिळालेले उत्तर कानापेक्षा स्पष्ट होते. डग्ग्याची मींड आता पसरट न होता सुटी ऐकू येते आणि तंबोऱ्याच्या खर्जाभोवतीचा घुमारा कमी झाला आहे. मायक्रोफोन लावून मोजल्यावर मात्र कोणत्या वारंवारतेला आवाज किती मोठा हे दाखवणाऱ्या आलेखात जवळजवळ काहीच बदलले नव्हते. माझी खोली ४.९ मीटर लांब असल्याने ३५ हर्ट्झजवळचा उंचवटा होता तिथेच आहे, कारण तो खोलीच्या लांबीतून येतो आणि पायांना त्याच्याशी काही कर्तव्य नाही. ज्यांची तक्रार अशा घुमण्याची आहे, त्यांनी आधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून पाहावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

खालच्या घरातली धडधड निम्म्याहून कमी झाल्याचे तिथले काका सांगतात. उरलेली हवेतून स्लॅबवर आदळणाऱ्या बेसची आहे आणि तिच्यावर रात्री आवाज कमी करणे हाच उपाय आहे.