घोडेस्वार की टेकडीवरचे तिरंदाज?

'माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड' या लढायांच्या व्हिडिओ गेममध्ये १००० जणांची लढाई लावली की परळच्या आमच्या खोलीतला पीसी पंख्यापेक्षा जोरात घरघरतो. दादा गेममधल्या खुझैत राज्याचे खान्स गार्ड हे घोडेस्वार घेतो: घोडा, धनुष्य, वर ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं). मोकळ्या माळावर त्यांना तोड नाही. वेढ्यात मात्र पायीच लढायचं.

मी बटानिया या दुसऱ्या राज्याचे तिरंदाज, फियान चॅम्पियन, टेकडीवर उभे करतो, पुढे ढालींची भिंत. शत्रू चढून येईपर्यंत निम्मा गार. माझं मत यांनाच. फक्त स्वतः ढालींच्या मागे थांबायचं. विरार फास्ट पकडल्यासारखं गर्दीत घुसलात की संपलं. दादाला तेच जमत नाही. काल एफ१-एफ३ (हल्ल्याचा हुकूम) दाबून सगळ्यांसोबत सुटला, पहिल्याच मिनिटाला भाला खाऊन आडवा. मग चहा ठेवायला गेला.