मापाची सायकल: मंगळवार तळ्याजवळचं मिस्त्रींचं दुकान

मी साताऱ्यात एकोणीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मुंढा अर्धा इंच चुकला की बाईला हात वर करता येत नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि तरीही स्वतःची सायकल मी दीड वर्ष मापाशिवाय चालवली आणि उजवा गुडघा दुखवून घेतला. माझं मशीन अजून पायाचं आहे. गुडघा गेला तर धंदा गेला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माउंटन बाइक घेतली ती एका मोठ्या शहरातल्या दुकानातून, २४ हजारांना. विकणाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, "मीडियम बसेल" म्हणाला आणि बिल फाडलं. पडायची भीती होती म्हणून बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट मी खाली घ्यायला लावली. त्यानेही काही न सांगता घेतली. आधी अजिंक्यताऱ्याचा रस्ता, मग यवतेश्वरचा घाट, मग सांबरवाडीकडच्या मातीच्या वाटा, असं वाढत गेलं. घाट चढून आले की जिना उतरताना गुडघ्यात कळ यायची, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट इतकं बधिर व्हायचं की घरी येऊन सुईत दोरा ओवता यायचा नाही.

राजवाड्याकडून मंगळवार तळ्याकडे जाताना एका बोळात हे दुकान आहे. पाटीवरची बाकीची अक्षरं पावसाने धुऊन गेलीत, नुसतं 'सायकल' उरलंय. बाहेर शाळेच्या पोरांच्या सायकली टांगलेल्या, आत गिअरच्या. मी गेले ती फक्त ब्रेकची कुरकुर दाखवायला. मिस्त्रींनी ब्रेककडे बघितलंच नाही. सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, गुडघा वाटीच्या पुढं दुखतोय का मागं?"

मी म्हटलं, पुढे. "मग सीट खाली हाय. मागं दुखला असता तर वर हाय म्हणलं असतं."

मग माप. त्यांनी आतून वहिनींना हाक मारली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. हे मला फार बरं वाटलं. चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत वीतभर अंतर. वहिनींनी पुठ्ठ्याच्या बांधणीची हिशोबाची वही दोन्ही पायांच्या मध्ये धरून वर दाबली, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढी, आणि वहीच्या कडेला भिंतीवर खडूने रेघ ओढली. जमिनीपासून ७८.५ सेंटिमीटर. मी चकित झाले, कारण सलवारीची आतली शिवण मी स्वतःसाठी ७५ धरते. कपड्याचं माप सैल असतं, हे हाडापर्यंतचं असतं, हा फरक मला एवढ्या वर्षांत कधी कळला नव्हता.

त्या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं. उत्तर आलं ६९.३. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझं होतं ६४! सव्वापाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंचांहून जास्त. एवढा फरक ब्लाउजच्या उंचीत पडला तर गिऱ्हाईक तो परत आणून टाकेल. आणि ब्लाउज एकदा घालून बाजूला ठेवता येतो. सायकलवर मिनिटाला साठ फेरे धरले तरी तासाला ३६०० वेळा गुडघा त्याच चुकीच्या जागी वाकतो.

मिस्त्रींनी एकदम वर नेली नाही. त्या दिवशी निम्मी, दोन आठवड्यांनी उरलेली, आणि डोंगरातली सायकल म्हणून शेवटी ६८.५ वर ठेवली. "सिग्नलला पाय टेकायचा तर सीटवरनं पुढं उतरायचं, बसून नाय टेकायचा," हे त्यांनी बोळात मला चार वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा माझं मला जमलं. मातीच्या उतारावर सीट खाली घ्यायची आणि चढाला परत वर, म्हणून नळीवर काळ्या चिकटपट्टीची खूण करून दिली.

घरी करून बघायचं असेल तर हिशोबाची वही नसली तरी चालेल. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

सीट पुढे-मागे किती, हे बघायला त्यांना ओळंबा हवा होता. माझ्या पिशवीतला दोरा आणि त्यांचं एक नट. दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणून वाटीखालून दोरा सोडला. तो पेडलच्या आसावर पडायला हवा, माझा पुढे पडत होता. सीट सेंटिमीटरभर मागे सरकली. हे सुरुवातीचं माप आहे, पुढे अंगाप्रमाणे थोडं इकडेतिकडे करायचं, असं ते म्हणाले. आम्हीही ट्रायलला हेच म्हणतो.

बोटांचं कारण दोन ठिकाणी निघालं. ब्रेकच्या मुठी आडव्या बसवलेल्या, त्यामुळे मनगट सतत मुडपलेलं. एलन कीने त्या खाली वळवल्या, हात आणि मनगट एका रेषेत आलं. शिवाय मुठीतच एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. माझी बोटं लहान आहेत, दीड वर्ष मी ती ताणून ब्रेक धरत होते. स्टेम म्हणजे हँडल पुढे धरून ठेवणारा तुकडा, तो ९० मिलिमीटरचा काढून ६० चा घातला, हातावरचा भार कमी झाला.

टायरवर हवेचा दाब कमाल ६५ पीएसआय छापलाय म्हणून मी ६० भरायचे. माझं वजन ५८ किलो. त्यांनी पुढे २८, मागे ३० ठेवली. जांभ्यावरून जाताना दात वाजायचे ते थांबलं. याहून कमी केलं तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपून दोन भोकं पडतील, हेही सांगितलं.

आता देखभाल. इथे मला माझ्याच धंद्याने फसवलं होतं. मशीनचं तेल मी चेनला घालत होते. ते इतकं पातळ की सुईदांड्याला उत्तम, पण चेनवर टिकत नाही. कासच्या वाटेवरच्या धुक्यात आणि पावसात एका फेरीत निघून जातं आणि लोखंडावर लोखंड घासतं. चेन मोजायला मी माझा टेप काढला तर मिस्त्रींनी पोलादी पट्टी हातात दिली, "कापडी टेप ताणतो." बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर बारा इंच भरायला हव्यात. माझ्या भरल्या बारा इंच आणि वर एक अष्टमांश. म्हणजे एक टक्का ताण. आठ गिअरची चेन पाऊण टक्क्यालाच बदलायची असते. तेवढ्यावर बदलली असती तर ५५० रुपयांत भागलं असतं. नवी चेन घालून त्यांनी बोळाच्या चढावर चालवून बघितली, मागच्या दोन चकत्यांच्या दातांवरून चेन उड्या मारत होती. कॅसेटही, म्हणजे त्या चकत्यांचा अख्खा संच, बदलावी लागली.

मागचं चाक उघडलं तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. पावसाळ्यात लाल चिखल निघावा म्हणून मी गाड्या धुणाऱ्या एका ठिकाणी प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घ्यायचे. त्या पाण्याने ग्रीस बाहेर काढलं होतं आणि आत चहाच्या रंगाचं गंजाचं पाणी साठलं होतं. आसाच्या एका बाजूला बेअरिंगच्या पाव इंची नऊ गोळ्या, दुसऱ्या बाजूला नऊ. मिस्त्रींनी त्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि बोटाने एकेक फिरवून दाखवल्या. तीन गोळ्यांवर खड्डे होते. सगळ्या अठरा नव्या घातल्या. आता मी बादली, मऊ ब्रश आणि फडकं एवढ्यावर धुते. तेल कडीकडीला एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून.

ब्रेकची कुरकुर? डिस्कवर मी शिंपडलेलं तेलच उडालेलं होतं. डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड घासले, गेली.

खर्च असा: माप आणि बसवणं ६००, सर्व्हिस ९००, चेन ५५०, कॅसेट ११००, स्टेम ८५०, नवी सीट १२००. एकूण ५२००. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, पण यातली मजुरी फक्त १५०० आहे आणि ती मला कमीच वाटते.

सीटबद्दल राहिलं. कुरिअरच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवून त्यावर बसवतात, बुडाच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. माझ्यात १२.५ सेंटिमीटर अंतर आलं, म्हणून १५ रुंदीची सीट हवी होती. ती दुकानात नव्हती. बाईच्या मापाच्या सीटा ते ठेवतच नाहीत, मागवायला बारा दिवस लागले. हे त्यांनी बदलायला हवं, साताऱ्यात सायकल चालवणाऱ्या बाया आता कमी नाहीत. फोन उचलत नाहीत, छापील बिल देत नाहीत, वहीत लिहिलेलं फोटो काढून घ्यावं लागतं. बुटांना क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) लावून चालवणाऱ्यांचं काम ते करत नाहीत, तसं सरळ सांगतात.

बदल करून चार महिने झाले. परवा यवतेश्वर चढून पेट्रीपर्यंत गेले, परत आल्यावर जिना उतरले आणि सहा ब्लाउजांना हातशिलाई केली.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, संध्याकाळी शाळेच्या सायकलींची गर्दी असते आणि घाईत ते माप घेत नाहीत. ज्या बुटांवर सायकल चालवता तेच घालून जा. पातळ चप्पल आणि जाड तळव्याचा बूट यांत सेंटिमीटरभराचा फरक पडतो आणि सीट तेवढी चुकते.